मॅग्नेशियमची गोळी : डबीवरचा आकडा नेमका कशाचा?

विशेष प्रतिनिधी

झोप लागत नाही, पायात गोळे येतात, दिवसभर थकवा जाणवतो, मन अस्वस्थ असते. शहरी माणसाच्या या नेहमीच्या तक्रारींवर गेल्या काही वर्षांत एक नवा उपाय कानी पडू लागला आहे. तो म्हणजे मॅग्नेशियम. औषधांच्या दुकानात, व्यायामशाळेत, इंटरनेटवरील बाजारात आणि अमेरिकेहून सुटीवर आलेल्या नातेवाइकांच्या सामानातही मॅग्नेशियमच्या गोळ्यांच्या डब्या दिसू लागल्या आहेत. कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्या आपल्याकडे घरोघरी पोहोचल्या, त्याच वाटेने आता हे खनिज निघाले आहे.

या गोळ्यांसाठी बहुधा डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. त्यामुळे कोणती डबी घ्यावी, किती गोळ्या घ्याव्यात आणि मुळात घ्याव्यात की नाही, हे ग्राहकाला स्वतःच ठरवावे लागते. हा निर्णय घेताना त्याच्या हाती असते ते डबीवरचे लेबल. हे लेबल वाचणे वाटते तितके सोपे नाही. एकाच आकाराच्या दोन डब्यांवर '५०० मिलिग्रॅम' असे लिहिलेले असूनही एकीतून शरीराला दुसरीच्या चौपट मॅग्नेशियम देऊ केलेले असू शकते. दोन्ही लेबले खरी असतात, आणि तरीही ग्राहकाची दिशाभूल होते.

शरीराला हे हवे कशाला?

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातील निम्म्याहून अधिक हाडांमध्ये आणि उरलेले बव्हंशी स्नायू व अन्य पेशींमध्ये असते. रक्तद्रवात एक टक्क्याहूनही कमी असते. तीनशेहून अधिक विकरांचे काम या खनिजावाचून चालत नाही. स्नायूंचे आकुंचन-प्रसरण, मज्जातंतूंचे संदेशवहन, हृदयाची लय, रक्तातील साखरेचे नियंत्रण या साऱ्यांत त्याचा वाटा आहे.

रोज किती हवे, याचे उत्तर काळानुसार बदलले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०१० मध्ये प्रौढ पुरुषासाठी ३४० आणि स्त्रीसाठी ३१० मिलिग्रॅमची शिफारस केली होती. २०२० च्या सुधारित शिफारशीत हे आकडे अनुक्रमे ४४० आणि ३७० मिलिग्रॅम झाले. लेबलवर 'दैनंदिन गरजेच्या इतके टक्के' असे छापलेले असते, तेव्हा ती टक्केवारी कोणत्या आकड्यावरून काढली आहे, हे पाहावे लागते ते यामुळेच. परदेशी डबीवरील टक्केवारी तर त्या देशाच्या हिशेबाने असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. हा आकडा अन्न, पाणी आणि गोळी या सर्वांतून मिळून मिळणाऱ्या मॅग्नेशियमचा आहे. 'मला ४४० मिलिग्रॅम लागते, म्हणून ४४० ची गोळी घेतो' हा हिशेब मुळातच चुकीचा. माणूस दिवसभर उपाशी राहून केवळ गोळीवर जगत नाही.

मग अन्नातून किती मिळते? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १३३, बाजरीत १२४, तर नाचणीत १४६ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. त्याच वजनाच्या सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते जेमतेम १९ मिलिग्रॅम भरते. शेंगदाणे, तीळ, बदाम, काजू, अख्खे मूग, पालक हे चांगले स्रोत. दोन भाकऱ्या, उसळ, पालेभाजी आणि मूठभर शेंगदाणे एवढ्या साध्या जेवणातून साडेतीनशेच्या आसपास मजल जाऊ शकते. भाकरीच्या जागी भात आणि मैद्याचे पदार्थ आले, की हाच हिशेब झपाट्याने खाली येतो. धान्य पांढरेशुभ्र करताना जो कोंडा व अंकुर काढून टाकला जातो, त्यातच मॅग्नेशियमचा मोठा भाग असतो.

पाण्याची गोष्टही सांगण्याजोगी आहे. जड पाण्याचा जडपणा कॅल्शियम व मॅग्नेशियममुळेच येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत मॅग्नेशियम स्वीकारार्ह मानलेले आहे. बोअरचे पाणी पिणाऱ्याला त्यातून नकळत बऱ्यापैकी मॅग्नेशियम मिळत असते. घरात 'आरओ' यंत्र बसविले, की तो पुरवठा बहुतांशी थांबतो. म्हणून ते यंत्र काढून टाकावे असे नव्हे, पण हिशेब मांडताना हेही धरावे लागते.

मीठ वेगळे, मॅग्नेशियम वेगळे

आता मुख्य गाठ. मॅग्नेशियम हा धातू. शुद्ध धातूची गोळी कोणी खात नाही. तो कशाशी तरी संयोग पावलेल्या क्षाराच्या रूपात दिला जातो. ऑक्साइड, सायट्रेट, ग्लायसिनेट, क्लोराइड, लॅक्टेट, थ्रिओनेट ही त्याची बाजारातील प्रचलित रूपे. प्रत्येक क्षाराच्या वजनात मॅग्नेशियमचा वाटा वेगवेगळा असतो. या प्रत्यक्ष वाट्याला 'एलिमेंटल मॅग्नेशियम' म्हणतात. मराठीत त्याला 'मूळ मॅग्नेशियम' म्हणता येईल. साऱ्या शिफारशी, साऱ्या मर्यादा या मूळ मॅग्नेशियमच्या असतात, क्षाराच्या वजनाच्या नव्हेत.

ऑक्साइडमध्ये हा वाटा ६० टक्के असतो. निर्जल सायट्रेटमध्ये तो सुमारे १६ टक्के, शुद्ध बिसग्लायसिनेटमध्ये १४ टक्के, बाजारातील क्लोराइडमध्ये १२ टक्के आणि थ्रिओनेटमध्ये सात-आठ टक्के असतो. म्हणजे ५०० मिलिग्रॅम ऑक्साइडच्या गोळीत सुमारे ३०० मिलिग्रॅम मूळ मॅग्नेशियम असते, तर ५०० मिलिग्रॅम ग्लायसिनेटच्या गोळीत केवळ सत्तर. डबीच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो, तो यांपैकी कोणता, हे पाहण्यासाठी डबी फिरवून मागचा बारीक मजकूर वाचावा लागतो. तेथे 'मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम, त्यातून एलिमेंटल मॅग्नेशियम १४० मिलिग्रॅम' अशा अर्थाची नोंद असेल, तर उत्पादकाने प्रामाणिकपणे सांगितले असे समजावे. केवळ 'ग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम' एवढेच लिहून मूळ मॅग्नेशियमचा आकडा गाळला असेल, तर ती डबी परत फळीवर ठेवलेली बरी. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते हा एकच निकष अर्धे काम करतो.

अमेरिकी डब्यांवर याच्या उलट पद्धत असते. तेथील पोषणमाहितीच्या चौकटीत 'मॅग्नेशियम २०० मिलिग्रॅम, ग्लायसिनेटच्या रूपात' असे लिहिलेले असेल, तर तो आकडा मूळ मॅग्नेशियमचाच असतो. परदेशी व देशी डबी शेजारी ठेवून तुलना करताना 'आपल्या डबीत तर हजार आहे, त्यांच्यात दोनशेच' असा समज होतो. वस्तुतः त्या दोनशेच्या डबीत अधिक मॅग्नेशियम असते.

दुसरी मेख 'सर्व्हिंग' या शब्दात आहे. लेबलवरील आकडा बहुधा एका सर्व्हिंगचा असतो आणि एक सर्व्हिंग म्हणजे एक गोळी असेलच असे नाही. दोन, तीन, क्वचित चार कॅप्सूल मिळूनही एक सर्व्हिंग होते. साठ कॅप्सूलची डबी दोन महिने पुरेल अशा समजुतीने घ्यावी आणि ती वीस दिवसांत संपावी, असे घडते ते यामुळे.

किमतीचा विचारही याच मार्गाने करावा लागतो. समजा, एका डबीत साठ कॅप्सूल आहेत, किंमत सहाशे रुपये आणि दोन कॅप्सूलच्या सर्व्हिंगमध्ये ग्लायसिनेट हजार मिलिग्रॅम, म्हणजे मूळ मॅग्नेशियम सुमारे १४०. रोजचा खर्च वीस रुपये आणि शंभर मिलिग्रॅम मूळ मॅग्नेशियमला सुमारे चौदा रुपये पडले. दुसऱ्या डबीत तीस गोळ्या २४० रुपयांना आहेत आणि प्रत्येक गोळीत सायट्रेट हजार मिलिग्रॅम, म्हणजे मूळ मॅग्नेशियम १६०. येथे रोजचे आठ रुपये आणि शंभर मिलिग्रॅमला पाच रुपये. पहिली डबी वाईट असे यावरून ठरत नाही, पण तिप्पट पैसे आपण कशासाठी मोजतो आहोत, हा प्रश्न तरी मनात येतो.

या गणिताचा आणखी एक उपयोग आहे. त्यातून लेबलवरील दावा शक्य कोटीतला आहे की नाही, हे घरबसल्या तपासता येते. '४०० मिलिग्रॅम एलिमेंटल मॅग्नेशियम, शुद्ध बिसग्लायसिनेट, एकच कॅप्सूल' असा दावा कोणी केला असे समजा. चारशे मिलिग्रॅम मूळ मॅग्नेशियमसाठी १४ टक्क्यांच्या हिशेबाने २,८०० मिलिग्रॅमहून अधिक, म्हणजे जवळजवळ तीन ग्रॅम भुकटी लागेल. नेहमीच्या वापरातील सर्वांत मोठ्या कॅप्सूलमध्येही जेमतेम एक ग्रॅमच्या आसपास भुकटी मावते. मग हे चारशे आले कोठून? एक तर आकडा क्षाराच्या वजनाचा आहे, किंवा ग्लायसिनेटमध्ये स्वस्त ऑक्साइड मिसळलेले आहे. अशा मिश्रणाला बाजारात 'बफर्ड' ग्लायसिनेट म्हणतात. ते बेकायदा नाही. पण तसे स्पष्ट लिहिलेले असावे, आणि त्यासाठी शुद्ध ग्लायसिनेटची किंमत लावलेली नसावी.

ऑक्साइड स्वस्त का, याचे कारण शोषणात आहे. ते पाण्यात फारसे विरघळत नाही. अमेरिकेतील बाजारातल्या मॅग्नेशियमच्या विविध रूपांची तुलना करणारा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऑक्साइडचे शोषण केवळ चार टक्के आढळले होते. अन्य प्रयोगांतील आकडे याहून वेगळे आहेत. तथापि, सायट्रेटसारख्या विरघळणाऱ्या क्षारांच्या तुलनेत ऑक्साइड मागे पडते, याविषयी फारसा मतभेद नाही. जे शोषले जात नाही ते आतड्यात पाणी ओढून घेते आणि पोट साफ होते. बद्धकोष्ठावर मॅग्नेशियमची औषधे दिली जातात ती याच गुणामुळे. ज्याला झोपेसाठी गोळी हवी आहे, त्याला मात्र हा गुण मध्यरात्री नकोसा वाटतो. ग्लायसिनेट पोटाला सौम्य असते, असा अनेकांचा अनुभव आहे. थ्रिओनेट थेट मेंदूपर्यंत पोहोचते, अशी जाहिरात जोरात असते. माणसांवरील त्याचा पुरावा अद्याप तुटपुंजा आहे आणि किंमत सर्वांत चढी. त्वचेवर चोळावयाच्या मॅग्नेशियम तेलाबाबत तर याहूनही कमी बोललेले बरे.

किती घेतले म्हणजे अति होते?

अमेरिकेच्या वैद्यकीय संस्थेने १९९७ मध्ये प्रौढांसाठी पूरक गोळ्यांतून घ्यावयाच्या मॅग्नेशियमची कमाल मर्यादा दिवसाला ३५० मिलिग्रॅम ठरविली. युरोपीय तज्ज्ञ समितीने २००१ मध्ये ती २५० मिलिग्रॅम ठेवली. भारतातील २०२० च्या शिफारशीतही ३५० चाच आकडा आहे. येथे वाचकाला कोडे पडेल, की गरज ४४० ची आणि मर्यादा ३५० ची, हे कसे? उत्तर असे, की मर्यादा केवळ गोळ्या, औषधे आणि वरून मिसळलेल्या मॅग्नेशियमला लागू आहे. अन्नातील नैसर्गिक मॅग्नेशियमला ती नाही. निरोगी माणसाला भाकरी किंवा शेंगदाणे खाऊन मॅग्नेशियमची बाधा होत नाही. शरीरात ते हळूहळू येते आणि जास्तीचे मूत्रपिंडे बाहेर टाकतात. गोळीतून एकदम मोठी मात्रा आली, की पहिले लक्षण म्हणजे जुलाब. ही मर्यादाही मुख्यतः जुलाबाच्याच निकषावर ठरविलेली आहे.

लहान मुलांसाठी मर्यादा बरीच कमी आहे. अमेरिकी निकषांनुसार एक ते तीन वर्षे वयासाठी ६५ आणि चार ते आठ वर्षांसाठी ११० मिलिग्रॅम. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देण्याची आपल्याकडची सवय येथे चालणार नाही.

हिशेब करताना लपलेले मॅग्नेशियमही मोजावे लागते. हाडांसाठी दिल्या जाणाऱ्या कॅल्शियमच्या अनेक गोळ्यांत कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व, जस्त आणि मॅग्नेशियम असे चौघेही असतात. आम्लपित्तावरील पांढऱ्या-गुलाबी पातळ औषधांत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असते. 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया'च्या प्रमाणित द्रावणाच्या एका चहाच्या चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, ४०० मिलिग्रॅम हायड्रॉक्साइड असते. त्यात सुमारे १६५ मिलिग्रॅम मूळ मॅग्नेशियम भरते. सकाळी कॅल्शियमची गोळी, जेवणानंतर दोन चमचे जेल, रात्री पोट साफ होण्याचे औषध आणि त्यावर झोपेसाठी मॅग्नेशियमची नवी डबी, अशी परिस्थिती अनेक ज्येष्ठांच्या घरी असते. प्रत्येक वस्तू वेगळ्या कारणासाठी, बहुधा वेगवेगळ्या डॉक्टरांनी किंवा कोणीच न सांगता आलेली. बेरीज कोणी करीत नाही.

मूत्रपिंडे ठणठणीत असतील तर हेही बहुधा निभावून जाते. ती कमजोर असतील तर नाही. मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचे काम त्यांचेच असल्याने ते रक्तात साठू लागते. आधी मळमळ, चेहऱ्यावर लाली, सुस्ती, मग रक्तदाब उतरणे, स्नायू लुळे पडणे, श्वास मंदावणे आणि अखेरीस हृदय बंद पडणे, असा त्याचा क्रम आहे. जपानमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड हे बद्धकोष्ठावरील फार मोठ्या प्रमाणात वापरले जाणारे औषध. तेथील सरकारी यंत्रणांनी २००८ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये त्याबाबत इशारे दिले. वृद्ध आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यात रक्तातील मॅग्नेशियम धोकादायक पातळीला गेल्याची, काहींचा मृत्यू ओढवल्याची प्रकरणे समोर आली होती. विकत घेताना साधी वाटणारी ही वस्तू आहे, म्हणून हा तपशील मुद्दाम दिला.

आपल्याकडे मधुमेह आणि उच्च रक्तदाब घरोघरी आहेत. या दोन्ही विकारांत मूत्रपिंडांना हळूहळू इजा होते आणि बरीच इजा होईपर्यंत रुग्णाला काहीच जाणवत नाही. म्हणून साठीच्या पुढील व्यक्तीने, तसेच मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णाने, मॅग्नेशियम सुरू करण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी करून घेणे हे लेबल वाचण्यापेक्षाही आधीचे काम आहे. मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायूंचा विकार असलेल्यांनी आणि ज्यांच्या हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा आहे अशांनी डॉक्टरांच्या परवानगीवाचून या गोळ्यांना हात लावू नये.

अन्य औषधांशी होणारा झगडा हा वेगळा विषय. मॅग्नेशियम काही औषधांना आतड्यातच बांधून ठेवते आणि ती रक्तात पोहोचत नाहीत. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके मॅग्नेशियमच्या किमान दोन तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यावी लागतात. थायरॉईडच्या गोळीत व मॅग्नेशियममध्ये चार तासांचे अंतर हवे. हाडांच्या ठिसूळपणावरील अलेंड्रोनेटसारख्या औषधांशीही किमान दोन तासांची फारकत ठेवावी. पहाटे थायरॉईडची गोळी आणि न्याहारीबरोबर मॅग्नेशियम घेणाऱ्या रुग्णाचा थायरॉईडचा अहवाल बिघडतो, मग त्या गोळीची मात्रा वाढविली जाते आणि मूळ कारण तसेच राहते.

उलट काही औषधे शरीरातील मॅग्नेशियमच घटवितात. फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढविणारी औषधे त्यांपैकी एक. दुसरा गट आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या जातीच्या गोळ्यांचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०११ मध्ये इशारा दिला, की या गोळ्या दीर्घकाळ, बहुतेक प्रकरणांत वर्षाहून अधिक काळ, घेणाऱ्यांच्या रक्तातील मॅग्नेशियम धोकादायकरीत्या घटू शकते. त्यांनी तपासलेल्या सुमारे एक चतुर्थांश प्रकरणांत मॅग्नेशियम देऊनही उपयोग झाला नाही, ती गोळीच बंद करावी लागली. आपल्याकडे सकाळी उपाशीपोटी 'गॅसची गोळी' वर्षानुवर्षे घेणारे थोडेथोडके नाहीत. अशांच्या पायात गोळे येत असतील, तर डबी विकत घेण्याआधी ती गॅसची गोळी अद्याप हवी आहे काय, हा प्रश्न डॉक्टरांना विचारणे अधिक शहाणपणाचे.

कमतरता आहे की नाही, हे रक्त तपासून कळेल, अशी सर्वांची अपेक्षा असते. ती पुरती खरी नाही. शरीरातील एक टक्क्याहून कमी मॅग्नेशियम रक्तद्रवात असते आणि ती पातळी टिकविण्यासाठी शरीर हाडांतून उसनवारी करते. त्यामुळे अहवाल कमी आला तर कमतरता नक्की, पण तो ठीक आला म्हणून साठा भरलेला आहे असे म्हणता येत नाही. मधुमेही, दीर्घकाळ मद्यपान करणारे, आतड्याचे जुनाट विकार असलेले आणि वृद्ध यांच्यात कमतरतेचा संभव अधिक. डॉक्टर अहवालाबरोबर ही पार्श्वभूमीही पाहतात.

गुण कितपत येतो?

ज्या तक्रारींसाठी लोक या गोळ्या घेतात, त्यांवरील पुरावा सारखा नाही. पायातील गोळ्यांबाबत कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्याचा निष्कर्ष निराशाजनक आहे. वयस्कांमधील अशा गोळ्यांवर मॅग्नेशियमचा लक्षणीय उपयोग होण्याची शक्यता कमीच. झोपेबाबत २०२१ मध्ये झालेल्या आढाव्यात वृद्धांवरील केवळ तीन चाचण्या सापडल्या. त्यांतील रुग्ण सगळे मिळून १५१. झोप लागण्याचा वेळ सरासरी सतरा मिनिटांनी घटला, पण चाचण्यांचा दर्जा सामान्य होता. रक्तदाबावर ३४ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वरचा व खालचा रक्तदाब सुमारे दोन-दोन अंकांनी उतरल्याचे दिसले. हा फरक खरा आहे, परंतु त्यावर विसंबून रक्तदाबाची गोळी बंद करणे आत्मघातकी ठरेल. अर्धशिशी टाळण्यासाठी अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत मॅग्नेशियमला 'बहुधा परिणामकारक' असा दर्जा मिळाला होता. मात्र त्या चाचण्यांतील मात्रा ६०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्या पलीकडची होती. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची.

मॅग्नेशियमचे सामर्थ्य निर्विवाद सिद्ध झाले ते वेगळ्याच ठिकाणी, प्रसूतिगृहात. गरोदरपणी रक्तदाब वाढून झटके येण्याच्या धोक्यावर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. सुमारे दहा हजार स्त्रियांवरील 'मॅगपाय' चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार या इंजेक्शनने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. तेथेही मात्रेवर बारीक लक्ष असते. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाचा वेग आणि लघवीचे प्रमाण पुन:पुन्हा तपासले जाते.

दर्जाची खातरजमा

आता डबीच्या विश्वासार्हतेकडे वळू. आपल्याकडे मॅग्नेशियम दोन वेगळ्या कायद्यांखाली विकले जाते. औषध म्हणून बनविलेल्या गोळीवर औषध परवान्याचा क्रमांक असतो. 'हेल्थ सप्लिमेंट' म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, म्हणजे 'एफएसएसएआय'चा, चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. अशा उत्पादनांचे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि जानेवारी २०१८ पासून अमलात आले. त्यांनुसार डबीवर 'हेल्थ सप्लिमेंट' हे शब्द, 'औषधी वापरासाठी नाही' अशी सूचना, दैनंदिन मात्रा आणि ती न ओलांडण्याचा इशारा असावा लागतो. ज्या डबीच्या एका बाजूला 'औषधी वापरासाठी नाही' आणि दुसऱ्या बाजूला निद्रानाश वा नैराश्य बरे करण्याची हमी आहे, तिच्यातील विसंगती ग्राहकाने स्वतःच ओळखावी. रोग बरा करण्याचे असे दावे अन्नपदार्थाला करता येत नाहीत.

चौदा अंकी क्रमांक प्राधिकरणाच्या 'फॉसकॉस' या संकेतस्थळावर टाकला, की परवाना कोणाचा आहे आणि तो चालू आहे की नाही, हे कळते. दोन मिनिटांचे काम आहे. तथापि, परवाना म्हणजे गोळीतील मालाची ग्वाही नव्हे. पूरक आहाराला बाजारात येण्यापूर्वी औषधाप्रमाणे गुणकारितेचा पुरावा द्यावा लागत नाही. अमेरिकेतही १९९४ च्या कायद्यापासून तीच स्थिती आहे. 'अमेरिकेहून आणले, म्हणजे चांगलेच असणार' हा समज त्यामुळे तपासून घ्यायला हवा. तेथे 'यूएसपी व्हेरिफाइड' किंवा 'एनएसएफ' यांसारख्या त्रयस्थ संस्थांचे चिन्ह असलेली डबी अधिक भरवशाची. लेबलवर लिहिलेले घटक लिहिलेल्या प्रमाणात आहेत, गोळी पोटात विरघळते आणि अपायकारक अशुद्धी मर्यादेत आहे, याची तपासणी त्यांनी केलेली असते.

भारतीय उत्पादनाबाबत कंपनीकडे त्या बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्र मागता येते. काही कंपन्या ते संकेतस्थळावरच ठेवतात. प्रमाणपत्रावरील बॅच क्रमांक डबीवरील क्रमांकाशी जुळतो काय, तपासणी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झाली आहे काय आणि त्यात शिसे, कॅडमियम, अर्सेनिक व पारा यांचे आकडे आहेत काय, एवढे पाहावे. जड धातूंची ही चौकशी अकारण नाही. मॅग्नेशियमचा कच्चा माल खाणीतून किंवा समुद्राच्या पाण्यातून येतो. डोलोमाइट या दगडाच्या भुकटीच्या गोळ्या एके काळी अमेरिकेत आरोग्यदायी म्हणून खपत. त्यांत शिशाचे प्रमाण अधिक असू शकते, असा इशारा तेथील प्रशासनाला १९८२ मध्ये द्यावा लागला होता. 'नैसर्गिक' या शब्दाने शिसे नाहीसे होत नाही.

ज्या डबीत मॅग्नेशियमबरोबर अश्वगंधा, मेलाटोनिन, ब जीवनसत्त्वे आणि आणखी पाच-सहा घटक 'मालकी मिश्रण' म्हणून कोंबलेले असतात, त्यात प्रत्येकाची मात्रा किती, हे बहुधा कळतच नाही. गुण आला तर कशामुळे आणि त्रास झाला तर कोणामुळे, हेही समजत नाही. पहिल्यांदाच घेणाऱ्याने एकाच घटकाची डबी घ्यावी, शंभर ते दोनशे मिलिग्रॅम मूळ मॅग्नेशियमपासून जेवणाबरोबर सुरुवात करावी आणि महिना-दोन महिन्यांत फरक जाणवला नाही तर थांबावे, हा साधा मार्ग अधिक श्रेयस्कर वाटतो. जुलाब सुरू झाले तर मात्रा घटवावी. अंगातील त्राण गेल्यासारखे वाटणे, अतिसुस्ती, नाडी मंदावणे अशी लक्षणे दिसली तर गोळी बंद करून, उरलेली डबी सोबत घेऊन, तत्काळ रुग्णालय गाठावे.

लेबल खोटे असल्याचा संशय आल्यास तक्रार कोठे करावी, हे महाराष्ट्रात तुलनेने सोपे आहे. अन्न आणि औषध हे दोन्ही विषय येथे एकाच अन्न व औषध प्रशासनाकडे आहेत आणि त्याची कार्यालये जिल्ह्यांच्या ठिकाणी आहेत. प्राधिकरणाच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सुविधेवरूनही तक्रार नोंदविता येते. फसवणुकीच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. औषध परवान्याच्या गोळीमुळे दुष्परिणाम झाल्यास १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क क्रमांकावर त्याची नोंद करता येते, आणि ती रुग्ण स्वतःही करू शकतो. यासाठी खरेदीची पावती आणि बॅच क्रमांक असलेली डबी जपून ठेवावी. गोळ्या दुसऱ्या बरणीत ओतून मूळ डबी फेकून दिली, तर तक्रारीला आधार उरत नाही.